एकच प्रश्न, चार शाखा: रिसर्च पेपर शोधायला आणि वाचायला नव्याने बसणाऱ्यांसाठी (सर्पदंशाचं उदाहरण घेऊन)

रिसर्च कसं वाचायचं असं कोणी विचारलं की बहुतेक जण गुगल स्कॉलरचं नाव सांगतात आणि मोकळे होतात. मग तो बिचारा तिथे अख्खं वाक्य टाइप करतो, हजारो रिझल्ट येतात, पहिला पेपर उघडला तर पैसे मागतो, दुसरा उघडला तर पहिल्याच ओळीत सहा शब्द अडतात, की टॅब बंद. वकिलीची पोरं, एमएसडब्ल्यूवाले, बीएएमएस-एमबीबीएसची मुलं, पत्रकार, स्पर्धा परीक्षावाले, सगळ्यांची हीच गत. माझ्या मते लोक घाबरतात इंग्रजीला, पण अडतात दुसरीकडेच. विज्ञानवाला, डॉक्टर, वकील आणि समाजशास्त्रवाला हे चौघं पुरावा म्हणून वेगवेगळ्या गोष्टी दाखवतात आणि हे नव्या माणसाला कोणी सांगतच नाही. ते एकदा कळलं की इंग्रजी डिक्शनरी घेऊनही निभतं.

उदाहरण म्हणून सर्पदंश घेतलाय, कारण हा विषय चारही शाखांत सापडतो आणि आपल्याकडे गावात राहिलेल्या प्रत्येकाला त्यातलं थोडंफार माहीत असतं. (आधीच सांगतो, साप चावल्यावर हे वाचत बसायचं नाही, १०८ ला फोन आणि सरळ सरकारी दवाखाना.)

पायरी १. प्रश्न फोडा

"सर्पदंशाने माणसं का मरतात" हा प्रश्न जसाच्या तसा कुठल्याच पेपरात नसतो. त्याचे तुकडे करा. विषात काय असतं आणि लस सगळीकडे सारखी चालते का, हा विज्ञानाचा तुकडा. पेशंट दवाखान्यात आला तर काय द्यायचं, किती द्यायचं, हा आरोग्याचा. पीएचसीत लसच नव्हती तर जबाबदार कोण आणि घरच्यांना काही मिळतं का, हा कायद्याचा. आणि मुळात मरतात किती, कोण मरतात, दवाखान्यापर्यंत का पोचत नाहीत, हा समाजाचा. कागदावर चार ओळी लिहा, त्यातली एकच आज घ्या. चारही एकदम घेतले की हमखास फसतं.

पायरी २. शोधायचे शब्द बदला

आपण जे बोलतो ते शब्द पेपरात नसतात. साप चावणं याला डॉक्टरी पेपरात "स्नेकबाइट एन्व्हेनोमिंग" म्हणतात, आणि पबमेडच्या (वैद्यकीय पेपरांची ऑनलाइन सूची, पुढे येईलच) विषयसूचीत ते "स्नेक बाइट्स" असं दोन तोडलेल्या शब्दांत आहे. इंग्रजी स्पेलिंगने टाका, दोन्ही करून बघा, रिझल्ट वेगळे येतात. सापांची नावं शास्त्रीय टाका: घोणस म्हणजे डाबोइया रसेलाय, मण्यार म्हणजे बंगारस सेरुलियस, नाग म्हणजे नाजा नाजा, फुरसं म्हणजे इकिस कॅरिनेटस. इंग्रजी बोलीनावात घोळ होतात, क्रेट म्हटलं की चार जातींचे पेपर अंगावर येतात. दोन-तीन शब्दांचा गट एकत्रच हवा असेल तर अवतरण चिन्हात टाकायचा, एवढं जरी केलं तरी निम्मा कचरा जातो.

पायरी ३. कुठे शोधायचं

विज्ञान आणि आरोग्यासाठी पबमेड, फुकट आहे, अमेरिकेच्या नॅशनल लायब्ररी ऑफ मेडिसिनचं. त्यात "फ्री फुल टेक्स्ट" चा फिल्टर आहे तो पहिल्या दिवसापासून लावून ठेवा. सगळ्या शाखांचं एकत्र हवं तर गुगल स्कॉलर, आणि तिथलं सगळ्यात कामाचं बटण म्हणजे पेपरखालचं "साइटेड बाय". एक चांगला पेपर सापडला की त्यावर क्लिक करायचं, नंतर त्या पेपरचा आधार कोणी कोणी घेतला ते सगळं उघडतं, म्हणजे जुन्या पेपरवरून नव्यावर जाता येतं.

आपल्याकडच्या पीएचडी प्रबंधांसाठी शोधगंगा, गांधीनगरच्या इन्फ्लिबनेटचं. प्रकरणनिहाय पीडीएफ मिळतात, मराठीतले प्रबंधही आहेत, फक्त मराठी प्रबंधाचं शीर्षक कधी कधी इंग्रजी लिपीत भरलेलं असतं त्यामुळे दोन्ही लिपींत शोधा. प्रबंधाचं दुसरं प्रकरण, म्हणजे आधी कोणी काय काम केलंय त्याचा आढावा, हे नव्या माणसासाठी सोनं असतं. बाकी प्रबंध नाही वाचला तरी चालेल, खरंच.

कायद्याला वेगळी दुकानं. मूळ कायदा इंडिया कोडवर, निकाल इंडियन कानूनवर किंवा सुप्रीम कोर्टाच्या ई-एससीआरवर, आणि महाराष्ट्र सरकारचे जीआर शासन निर्णयांच्या साइटवर, विभाग आणि तारीख टाकून. समाजशास्त्र-अर्थशास्त्रासाठी मुंबईहून निघणारं इकॉनॉमिक अँड पॉलिटिकल वीकली अजूनही पहिलं बघावं असंच आहे. जनगणना आणि एनएफएचएसचे (राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण) आकडे मूळ रिपोर्टातून घ्या, बातमीतून नको. आणि जनगणना २०११ ची आहे हे डोक्यात ठेवा, लोकसंख्येचा आकडा कुठून घेतलाय हे पेपरात बघायची सवय लागते त्याने.

पायरी ४. वाचायचं कसं, आणि इथे जरा थांबू

पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत पेपर कोणीच वाचत नाही, प्रोफेसरसुद्धा नाही. आधी ॲब्स्ट्रॅक्ट म्हणजे सुरुवातीचा सारांश, मग तक्ते आणि आकृत्या, मग मेथड्स म्हणजे काम कसं केलं तो भाग, मग शेवटी "लिमिटेशन्स" म्हणून एक परिच्छेद असतो तो, आणि पैसे कोणी दिले ती ओळ. इंट्रोडक्शन सगळ्यात शेवटी वाचलं तरी चालतं. आता चार शाखांत काय वेगळं बघायचं ते सांगतो.

विज्ञान. भारतात सापाची लस म्हणजे अँटीव्हेनम बनते ती चार सापांच्या विषावर, नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं, ज्यांना बिग फोर म्हणतात. विष घोड्याला थोडं थोडं टोचतात, त्याच्या रक्तात तयार झालेली प्रतिद्रव्यं काढून लस करतात. वर्षानुवर्षं या विषाचा मोठा वाटा तमिळनाडूतल्या इरुला आदिवासींच्या सहकारी संस्थेकडून आला, ती १९७८ पासूनची. २०१९ मध्ये बेंगळुरूच्या आयआयएससीतल्या (भारतीय विज्ञान संस्था) गटाचा एक पेपर आला, त्यांनी बिग फोरच्या बाहेरच्या विषारी सापांवर बाजारातल्या लसी कितपत चालतात ते तपासलं आणि बऱ्याच ठिकाणी लस कमी पडली. बातमी वाचली तर वाटेल लस फालतू आहे. पण मेथड्समध्ये जा. ही टेस्ट उंदरांवर असते आणि तिची ठरलेली पद्धत अशी की विष आणि लस आधीच एकत्र मिसळून ठेवतात आणि मग टोचतात. खऱ्या आयुष्यात माणसाला आधी साप चावतो आणि लस दोन तासांनी, पाच तासांनी मिळते. म्हणजे टेस्टमध्ये लस पास झाली म्हणजे वॉर्डात चालेलच असं नाही, आणि टेस्टमध्येच नापास झाली तर मात्र काळजीचं कारण आहे. प्रयोगशाळेतला पेपर वाचताना स्वतःला एकच विचारायचं, यांनी जे केलं ते आणि प्रत्यक्ष घडतं ते यात अंतर किती.

आरोग्य. इथे कोणत्या प्रकारचा अभ्यास आहे ते आधी बघा. एकाच पेशंटची गोष्ट म्हणजे केस रिपोर्ट, बऱ्याच पेशंटच्या जुन्या फाइली काढून केलेला अभ्यास, आणि चिठ्ठ्या टाकल्यासारखे दोन गट पाडून केलेली रँडमाइज्ड ट्रायल. खाली जाल तसं वजन वाढतं, आणि सगळ्या ट्रायल एकत्र करून काढलेला सिस्टिमॅटिक रिव्ह्यू त्याच्याही वर, जर आतल्या ट्रायल चांगल्या असतील तर.

सराव करायला माझ्या आवडीचा पेपर सापाचा नाही, विंचवाचा आहे. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर, कोकणात लाल विंचू चावून माणसं मरायची त्यावर त्यांनी प्राझोसिन हे साधं ब्लड प्रेशरचं औषध वापरून दाखवलं, आणि २०११ मध्ये बीएमजे या ब्रिटिश वैद्यकीय जर्नलमध्ये त्यांची ट्रायल आली. ७० पेशंट, ३५ ना नुसतं प्राझोसिन, ३५ ना प्राझोसिन अधिक विंचवाची लस. दहा तासांत पूर्ण बरे झाले ते पहिल्या गटात ८ आणि दुसऱ्यात ३२. तक्ता एवढा स्वच्छ आहे की बारावी झालेल्यालाही कळेल. आता प्रश्न विचारा. मोजलं काय? दहा तासांत बरं होणं, मृत्यू नव्हे. डॉक्टरला माहीत होतं का कोणाला काय दिलंय? हो, ओपन लेबल आहे, लपवलेलं नव्हतं. पेशंट किती? ७०, एका ठिकाणचे. म्हणून पेपर वाईट ठरत नाही, फक्त तो किती सांगतो आणि कुठे थांबतो हे कळतं. आणि एक, महाडसारख्या तालुक्याच्या गावी बसून जगात वाचला जाणारा पेपर लिहिता येतो, हे आपल्या मुलांना कोणी सांगत नाही याचं मला वाईट वाटतं. भारतात ट्रायल करायची तर २००९ पासून सीटीआरआयवर, म्हणजे ट्रायलच्या सरकारी ऑनलाइन नोंदवहीत, नोंद सक्तीची आहे. त्यानंतर सुरू झालेल्या ट्रायलचा पेपर असेल तर नोंदणी नंबर शोधा आणि आधी काय मोजू म्हणाले होते, शेवटी काय मोजलं, हे ताडून बघा. फरक सापडला की मजा येते.

अजून एक बारीक गोष्ट, मेथड्स का वाचायच्या ते सांगायला. घोणस-फुरसं चावल्यावर रक्त गोठत नाही, ते बघायला दवाखान्यात २० मिनिटांची टेस्ट असते. नवी, कोरडी, काचेची ट्यूब, त्यात २ मिली रक्त, २० मिनिटं हलवायची नाही, मग तिरपी करायची, गोठलं असेल तर गोळा जागेवर, नाहीतर रक्त वाहतं. साधी टेस्ट. पण ट्यूब प्लास्टिकची असेल किंवा साबणाने धुतलेली असेल तर चांगल्या माणसाचंही रक्त नीट गोठत नाही आणि उत्तर चुकतं. म्हणजे या टेस्टवर लिहिलेल्या पेपरात ट्यूब कसली होती हे लिहिलेलं नसेल तर त्यातल्या टक्केवारीवर मी तरी फार विसंबणार नाही.

समाज. भारतात सर्पदंशाने वर्षाला किती मरतात? मिलियन डेथ स्टडी नावाचा मोठा अभ्यास आहे, त्यातून २०११ मध्ये आलेल्या पेपरात २००५ सालासाठी सुमारे ४५,९०० चा अंदाज होता, आणि २०२० च्या पेपरात २००० ते २०१९ या काळात एकूण १२ लाख, म्हणजे वर्षाला सरासरी ५८,०००. सरकारी दवाखान्यांच्या नोंदी या आकड्याच्या जवळपासही जात नव्हत्या. मग खोटं कोण बोलतंय? कोणीच नाही. दवाखाना मोजतो तो दवाखान्यात मेलेला माणूस. २०११ च्या पेपरप्रमाणे ९७ टक्के मृत्यू खेड्यातले, आणि बहुतेक जण दवाखान्याबाहेरच गेलेले. मिलियन डेथ स्टडीवाले घरोघर जाऊन विचारतात, माणूस गेला तेव्हा काय झालं होतं, ती हकिगत लिहून घेतात आणि दोन डॉक्टर वेगवेगळे बसून कारण ठरवतात. याला व्हर्बल ऑटॉप्सी म्हणतात. २०२० च्या पेपरमागे अशा ६,११,४८३ हकिगती आहेत, त्यात सर्पदंशाचे मृत्यू २,८३३. म्हणजे १२ लाख ही मोजणी नाही, २,८३३ वरून काढलेला अंदाज आहे, आणि अंदाज म्हणून तो मजबूत आहे. हे वाक्य नीट समजलं तर समाजशास्त्रातले निम्मे वाद समजतील.

यातही पाणी मुरायला जागा आहेच. मण्यार रात्री चावते, जमिनीवर झोपलेल्याला, दुखत फारसं नाही, खूण धड दिसत नाही, पहाटे पोट दुखतं आणि मग श्वास अडकतो. घरचे सांगणार पोटदुखीने गेला. ही हकिगत वाचून डॉक्टरने काय लिहायचं? म्हणून अशा अभ्यासात चूक कोणत्या बाजूला होईल, आकडा कमी येईल की जास्त, हा विचार करत वाचायचं.

कायदा. इथे ७० पेशंट लागत नाहीत, ६ लाख घरं लागत नाहीत, एक निकाल पुरतो. १९९६ चा पश्चिम बंग खेत मजदूर समितीचा सुप्रीम कोर्टाचा निकाल काढा. ट्रेनमधून पडून जखमी झालेल्या माणसाला कोलकात्यात एकामागून एक सरकारी दवाखान्यांनी दाखल करून घेतलं नाही. कोर्टाने म्हटलं की वेळेवर तातडीचा उपचार न देणं म्हणजे कलम २१ चा, जगण्याच्या हक्काचा भंग, आणि भरपाई दिली. त्यात सापाचा स पण नाही, तरी पीएचसीत लस नव्हती असं प्रकरण आलं की वकील या निकालाकडे जाणार. निकाल वाचताना आधी तथ्यं, मग कोर्टासमोरचा प्रश्न काय होता, मग ज्या कारणामुळे निकाल तसा लागला ते कारण. ते कारण पुढच्या कोर्टांना बांधतं, जाता जाता केलेली टिप्पणी बांधत नाही, आणि बातम्या नेमकी तीच टिप्पणी उचलतात. मग तो निकाल पुढे कोणी फिरवलाय का ते बघायचं, इंडियन कानूनवरही "साइटेड बाय" आहे.

कायद्यात जुनं वाचलं की फसलात म्हणून समजा. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा, पण २०२२ च्या दुरुस्तीने सहाच्या चार अनुसूची (कुठल्या प्राण्याला किती संरक्षण वगैरे त्या याद्या) झाल्या आणि १ एप्रिल २०२३ पासून ते लागू झालं. बत्तीस शिराळ्याच्या नागपंचमीवर आधी लिहिलेला लेख वाचत असाल, जिवंत नागांच्या प्रथेवर मुंबई हायकोर्टामुळे बंधनं कशी आली वगैरे, तर त्यातला अनुसूचीचा नंबर आज तसाच लागू आहे असं धरू नका, इंडिया कोडवर जाऊन आजचा मजकूर काढा. तसंच भरपाईचं. गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात योजनेत सर्पदंशाने मृत्यू झाला तर घरच्यांना २ लाख रुपये आहेत, पण ही योजना आधी विम्याची होती, आता सानुग्रह अनुदानाची आहे, त्यामुळे जुना प्रबंध वाचून अटी सांगाल तर समोरच्या माणसाचं नुकसान होईल. शेवटचा जीआर काढायचा.

पायरी ५. पैसे न देता पीडीएफ

आधी स्कॉलरवर "ऑल व्हर्जन्स" दाबा, कुठेतरी फुकट प्रत पडलेली असते. ब्राउझरला अनपेवॉल जोडा, पेपरची कायदेशीर फुकट प्रत असेल तर ते शोधून देतं. सरकारी कॉलेज-विद्यापीठात असाल तर जानेवारी २०२५ पासून वन नेशन वन सबस्क्रिप्शन आहे, ३० प्रकाशकांची जवळपास १३,००० जर्नल्स, ते आपल्या कॉलेजात चालू आहे का हे लायब्ररीत विचारा. बऱ्याच मुलांना माहीतच नाही. खाजगी कॉलेजवाले यात अजून नाहीत, त्यांनी सरकारी कॉलेजातला मित्र धरावा.

पायरी ६. कचरा ओळखा

"तीन दिवसांत पेपर पब्लिश, सर्टिफिकेट फ्री" असा व्हॉट्सॲप मेसेज ज्या जर्नलचा येतो ते जर्नल वाचूही नका, तिथे छापू तर नकाच. नाव इंटरनॅशनल, विषय सगळेच, संपादक कोण पत्ता नाही. यूजीसीची केअर लिस्ट, म्हणजे मान्य जर्नल्सची यादी, होती तीही फेब्रुवारी २०२५ मध्ये बंद झाली, आता आपलं आपणच बघायचं. पेपर मागे घेतलाय का, म्हणजे रिट्रॅक्ट, हे पबमेडवर वर ठळक लिहिलेलं असतं, डाउनलोड केलेल्या जुन्या पीडीएफवर नसतं. एआयला विचारून संदर्भ घेणार असाल तर प्रत्येकाचा डीओआय (पेपरचा कायमचा ओळख क्रमांक, लिंकसारखा उघडतो) उघडून बघा, कारण तो खऱ्यासारखी दिसणारी नावं बिनदिक्कत तयार करतो आणि गाइडने पकडलं की तोंड दाखवायला जागा राहत नाही.

पायरी ७. चारही एकत्र मांडा

एका पेपरला वहीत पाच ओळी, मराठीतच: काय म्हणतात, कसं मोजलं, कुठे आणि कधी, कुठे थांबतात, कोणी पैसे दिले. चार शाखांच्या नोंदी शेजारी ठेवल्या की भोकं दिसायला लागतात. सर्पदंशात ते भोक नोंदीचं आहे. घरोघरच्या अभ्यासातला आकडा आणि दवाखान्यातला आकडा यात एवढी दरी असेल तर लस कुठे किती पाठवायची हे ठरणार कसं? २०२४ मध्ये कर्नाटकाने सर्पदंश नोटिफायेबल केला, म्हणजे दवाखान्याला कळवणं बंधनकारक. त्याच वर्षी मार्चमध्ये केंद्राने मृत्यू २०३० पर्यंत निम्मे करायचा राष्ट्रीय आराखडा आणला आणि नोव्हेंबरमध्ये सगळ्या राज्यांना तसं करायला पत्र लिहिलं. आरोग्यवाल्याला यात उपचार दिसेल, वकिलाला अधिसूचना, समाजशास्त्रवाल्याला घरीच गेलेला माणूस, जो नोटिफायेबल करूनही नोंदीत येणार नाही. विषय शोधत असाल तर तो इथेच आहे, कोणीतरी घ्या.

अडलंच तर लेखकाला ईमेल करा. पेपरवर ज्याच्या नावापुढे चांदणी किंवा पाकिटाची खूण असते त्याला. चार ओळी पुरे: मी कोण, तुमचा कुठला पेपर, त्यातलं कुठलं पान कळलं नाही किंवा पीडीएफ मिळेल का, आभार. "रिस्पेक्टेड सर" पासून सुरू होऊन दोन पानं जाणारा बायोडेटा नको. दोन आठवड्यांत उत्तर नाही आलं तर यादीतल्या पहिल्या लेखकाला पाठवा, तो बहुतेक पीएचडीचा पोरगा किंवा पोरगी असते आणि आपला पेपर कोणीतरी वाचला याचाच त्यांना इतका आनंद होतो की उत्तर रात्री अकरा वाजताही येतं.